सुतकातली खुर्ची

दादा,

काल तुझी तेरवी झाली. जेवणं आटोपली, लोक तुझ्याबद्दल चांगलं-चांगलं बोलून आपापल्या गावी गेले. तुला देवमाणूस म्हटलं नाही असा एक माणूस पिंपळगाव राजात उरला नसेल. ऐकून ऐकून माझे कान किटले. तू देवमाणूस वगैरे काही नव्हतास. तू हट्टी होतास, तुसडा होतास, आणि वादात हरायला लागलास की रंधा घेऊन लाकूड तासत बसायचास, म्हणजे माझा आवाज ऐकू येऊ नये. मेलास म्हणून तू आपोआप बरोबर ठरत नाहीस, एवढं आधी सांगून टाकते.

आलेल्या प्रत्येकाला एकच विचारायचं होतं. तो गोरा कोण होता आणि कशाला आला होता? वहिनी सांगून सांगून दमली. मग मीच सांगायला लागले की आमच्या दादानं तरुणपणी डेन्मार्कात एक आरामखुर्ची बनवली होती, तीच खुर्ची तिथली एक कंपनी आता पुन्हा काढते आहे. लोक माना डोलवायचे. खरं कोणालाच वाटत नव्हतं. पिंपळगावातून माणूस फार तर नागपूरला जातो, तिथून नोकरी लागून परत येतो. तू मुंबईला चित्रकला शिकायला गेलास तेव्हाच बाबांनी डोक्याला हात लावला होता. पुढे तिथल्या मास्तरांच्या ओळखीनं कोपनहेगनला एका म्हाताऱ्या उस्तादाच्या कारखान्यात लाकूडकाम शिकायला गेलास, तेव्हा त्यांनी बोलणंच सोडलं. गेलास तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता, आलास तेव्हा मुंबई राज्यात, आणि बूड टेकतोस न टेकतोस तोच महाराष्ट्र झाला. घर मात्र जागचं हललं नव्हतं. बाबा तेवढे गेले होते, म्हणूनच तू परत आलास.

ती खुर्ची मी पहिल्यांदा पाहिली तो दिवस मला लख्ख आठवतो. मागच्या शेडमध्ये तू तिकडच्यासारखीच एक सागवानाची करून ओट्यावर आणून ठेवलीस. बुटकी, मागे रेललेली, तिच्या हातांवर आपले हात ठेवले की खांदे आपोआप खाली येतील अशी. बैठक विणलेल्या दोराची. आणि त्या विणीच्या मागच्या टोकाला एक सुटी दांडी, ती दांडी आणि मागची चौकट यांच्यामध्ये आणखी एक दोर नागमोडी ओवलेला. बैठक सैल पडली की तो दोर ओढायचा, गाठ मारायची, खुर्ची पुन्हा ताठ. सगळं गाव पाहायला आलं.  मग बाबांचे धाकटे भाऊ, आबाकाका पुढे झाले, वाकून खालून पाहिलं, आणि म्हणाले, "काय बे, येवढ्या लांब विलायतेले जाऊन बाजच केली का तुनं?"

ओटा हसला. मीही हसले, कारण ते खरंच होतं. आपल्या अंगणातल्या बाजेला पायथ्याशी जसा दोर असतो, तसाच तो होता. तू खुर्ची उचलून आत नेलीस. ती पुन्हा बाहेर आली नाही. त्यानंतर शाळांचे बाक, लग्नांची कपाटं, दारं-खिडक्या यांत तुझं आयुष्य गेलं. तुझ्यासमोर खुर्चीचं नाव काढलेलं चालायचं, पण बाजेचं काढलेलं चालत नसे. "हे तणावाचं तंत्र हाये, बाज नोहे," असं तू मला दहादा ऐकवलंस. मी दरवेळी म्हणायचे, बाजच हाये. आपल्या भावाबहिणीच्या गप्पांपैकी निम्म्या गप्पा याच असतील.

म्हणून, तिकडच्या त्या कंपनीनं जेव्हा कळवलं की नव्या खुर्चीत दोर नसेल, बैठक आतून रबरी पट्ट्यांवर पक्की बसवलेली असेल, गिऱ्हाइकाला दर दोन महिन्यांनी दोर ओढायला वेळ नसतो, तेव्हा मला वाटलं तू चिडशील. तू त्यांना हो कळवून मोकळा झालास. वर फक्त एक अट घातलीस, की नमुना बनला की मी त्यात बसून पाहीन, मगच पक्कं समजा.

त्या रविवारी मी खामगावहून मुद्दाम आले ती भांडायलाच.

"दादा, लाकूड त सगळ्याइचंच," मी म्हटलं. "ते रेलणं तुह्या उस्तादानं शिकवलं. तुहा स्वतःचा येवढा दोरच हाये त्याच्यात. तोच काढाले कसा तयार झाला तू?"

"दोर काढल्यानं खुर्ची चांगली होऊन राह्यली, सुमे. चांगली होत असन त काऊन नाही काढाव?"

"चांगली-बिंगली काही नाही. लोक बाज म्हणतीन याची लाज वाटते तुले."

"तुले खुर्चीतलं घंटा समजत नाही."

"अन् तुले तुहं मन समजत नाही!"

रंधा सुरू झाला. मी चहा न घेता निघाले, नांदुऱ्याकडून आलेल्या गाडीत उभ्यानं खामगावला आले, आणि सगळ्या रस्त्यानं तुला काय-काय बोलायचं राहिलं ते मनात जुळवत होते. याचं मला वाईट वाटत नाही. मी अशी कितीदा तरी निघाले होते, पुढच्या रविवारी आपण पुन्हा तिथूनच सुरू करायचो. या वेळी मधल्या बुधवारी सकाळी तू शेडमध्ये गेलास तो परत आलाच नाहीस. वहिनी चहा घेऊन गेली तेव्हा तू भुशात कुशीवर पडला होतास. तिला वाटलं काही सांडलेलं शोधतो आहेस.

दादा, आता जरा चांगलं बोलते, मग पुन्हा बोलणार नाही. मॅट्रिकनंतर बाबा माझं लग्न उरकणार होते. तू डेन्मार्कातून त्यांना कळवलंस की सुमनचं शिक्षण थांबवलं तर मी परत येणार नाही. बाबा तुझ्याशी बोलत नव्हते, तरी तुझ्या धमकीला भ्यायले. मी मास्तरीण झाले ती त्यामुळे. खामगावच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, ते इंग्रजी या महिन्यात कामाला येईल असं कधी वाटलं नव्हतं. माझ्या लग्नात तू एक शब्द बोलला नाहीस, फक्त माझ्या सासरच्या दाराची कुरकुरणारी बिजागरी बसल्या बसल्या काढून नीट केलीस. माझी सासू अजून ते सांगते.

तर सुतक. तुझं घर जमिनीवर आलं. वहिनी, काका, सगळी भावकी सतरंज्यांवर. बाज भिंतीला उभी करून ठेवली, खुर्च्या आतल्या खोलीत. चौथ्या दिवशी सकाळी आबाकाका माझ्याजवळ आले आणि अगदी मायेनं म्हणाले, "सुमन, तुहं सुतक फिटलं, बाई. लग्न झालेल्या बहिणीले तीनच दिस. डोक्यावरून पाणी घे आता. जमिनीवर नोको निजू, कंबर धरन."

मला माहीत होतं असं असतं. तरी मी मनात मोजत गेले. वहिनीला दहा दिवस, काकांना दहा दिवस, तुझ्याशी वर्षानुवर्षं न बोललेल्या चुलतभावालाही दहा दिवस, आणि मला तीन. कारण मी दुसऱ्या घरची. मी काकांना म्हटलं, "काका, ते पाणी मी घेते, पण उठणार नाही. सगळ्याइसंगच उठीन." भावकीत कुजबुज झाली. मी सतरंजी सोडली नाही. सगळ्यांबरोबर जमिनीवर बसत होते, जमिनीवर निजत होते. तुझ्यापाशी मला एवढीच जागा उरली होती आणि ती मी कोणाला देणार नव्हते.

आणि दहाव्याच्या आधीच तो आला.

खामगाव स्टेशनवरून टॅक्सी करून, टपावर हे एवढं लाकडी खोकं बांधून. कंपनीचा माणूस, नाव लार्स, असेल तिशीचा. तू गेल्याची तार त्याला वाटेत कुठंच गाठू शकली नव्हती. तुला मूलबाळ नाही म्हणून अग्नी आबाकाकांनी दिला होता; दारात त्यांचं मुंडण केलेलं डोकं पाहून त्यानं हसून नमस्कार केला आणि तुझं नाव विचारलं. सांगायला मलाच पुढे व्हावं लागलं. तो टॅक्सीला टेकला. मग बूट काढले, आत आला आणि आमच्यात सतरंजीवर बसला. गुडघे कानाला लागत होते बिचाऱ्याचे. वहिनीनं त्याच्यापुढे पाणी ठेवलं तर त्यानं दोन्ही हातांनी घेतलं. भावकीला तो आवडला.

पण तो भेटायला आला नव्हता, काम घेऊन आला होता, आणि ते काम दुसऱ्या दिवशीपर्यंत व्हायला हवं होतं. खोक्यात नव्या खुर्चीचा नमुना होता. तुझ्या अटीप्रमाणे तू बसून पाहायचंस, हो म्हणायचंस, मग तिकडे कारखाना सुरू व्हायचा. पहिल्या वेळी खुर्चीखाली फक्त म्हाताऱ्या उस्तादाच्या कारखान्याचं नाव होतं. या वेळी प्रत्येक खुर्चीखाली तुझं नाव कोरणार होते, गावासकट. तू नाहीस तर तुझ्या घरच्यांपैकी कोणीतरी बसावं आणि सांगावं, असं तो अगदी अदबीनं म्हणाला. उत्तर न घेता परतलो तर पुढचं काही सांगता येणार नाही, हेही म्हणाला.

मी ते सगळ्यांना मराठीत सांगितलं. अंगणात कोणी हलेना. सुतकातल्या घरात खुर्चीवर बसायचं कोणी? वहिनी तर बसूच शकत नव्हती. काका नाही, चुलतभाऊ नाही. शेजाऱ्यांना सुतक नव्हतं, पण घरचे जमिनीवर असताना शेजाऱ्यानं अंगणात आरामखुर्चीत रेलायचं, हे आपल्या गावात कोणाच्या बापाला जमलं नसतं. आणि बसला असता तरी तुझ्या वतीनं तो काय सांगणार? लार्स एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. खुर्ची करणाऱ्याच्या घरी खुर्चीत बसायला माणूस मिळत नाही, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

मग आबाकाका हळूच म्हणाले, "सुमनले सुतक नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मी उठले की मीच कबूल केल्यासारखं होणार होतं, की हो, मी या घरची नाही, माझं दुःख तिसऱ्या दिवशी संपलं. नाही उठले तर तुझं नाव खोक्यात बंद होऊन परत जाणार. मी वहिनीचा हात धरून बसून राहिले.

तेवढ्यात लार्स उठला आणि भिंतीकडे गेला. उभ्या करून ठेवलेल्या बाजेपाशी थांबला. पायथ्याच्या दोरावरून बोट फिरवलं आणि इंग्रजीत मला विचारलं, "ही तीच का?"

मी म्हटलं, "कोणती?"

त्यानं जे सांगितलं ते मी तुला सांगते, कारण तू मला कधी सांगितलं नाहीस. खुर्ची पहिल्यांदा उस्तादासमोर मांडलीस तेव्हा त्यानं विचारलं, हा दोर कुठून आला? तेव्हा तू टेबलाला पाय लावून, पाठ मागे टाकून, सगळ्या कारखान्यासमोर करून दाखवलंस. म्हणालास, आमच्या अंगणात एक बाज आहे. मी चौकटीला पाय लावून धरतो आणि माझी धाकटी बहीण दोर ओढते. ओढता ओढता ती मागे पडते, मग उठून मलाच शिव्या देते, आणि रात्री बाबा त्यावर झोपतात. उस्ताद इतका हसला की डोळे पुसायला लागला. तिकडे दोराला अंबाडी मिळत नव्हती, म्हणून जवसाच्या काडीच्या धाग्याचा दोर वळून घेतलास. त्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिरांना अजून ही गोष्ट पाठ आहे. लार्सनं ती त्यांच्याकडूनच ऐकली होती.

"ती बहीण तुम्हीच का?" त्यानं विचारलं.

लोकांना वाटलं मी रडेन. मला रडू आलं नाही, राग आला. साता समुद्रापलीकडे जाऊन, ज्यांना बाज म्हणजे काय हे माहीत नाही त्यांना तू बाज सांगितलीस, माझ्याबद्दल सांगितलंस, कौतुकानं सांगितलंस. आणि इथं माझ्या तोंडावर म्हणत राहिलास, तणावाचं तंत्र! गावातल्या एका हसण्यानं तुला एवढं लागलं का, दादा? आबाकाका तर सगळ्यांनाच हसतात. तू त्यांना उलट का नाही हसलास?

मी उठले. पदर खोचला. वहिनीला म्हटलं, जुनी खुर्चीपण बाहेर आणायला सांगा. लार्सनं खोकं उघडून नवी काढली, दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. आधी जुनीत बसले. मध्ये खोल गेलेली, कित्येक महिन्यांत कोणी ओढली नव्हती. मग नवीत बसले. काका समोर, भावकी समोर, घरात माणूस गेलेला, आणि मी डोकं मागे टाकून, पाय पुढे करून रेललेली. चुलतभावानं तोंड फिरवलं. वहिनी माझ्याकडेच पाहत होती.

आणि दादा, नवी चांगली होती. नुसती चांगली नाही, जुनीपेक्षा चांगली. पाठीला जिथं हवं तिथं धरत होती, मांड्यांखाली टोचत नव्हती, उठताना ओढून धरत नव्हती. मी दोनदा उठून दोनदा बसले, कुठं तरी खोट सापडावी म्हणून. सापडली नाही. तू न बसताच, नुसता आराखडा पाहून ओळखलं होतंस. तू लाजेपोटी हो म्हटलं नव्हतंस, खुर्ची चांगली होते म्हणून म्हटलं होतंस.

लार्स म्हणाला, "काय सांगू तिकडे?"

वहिनीनं तुझ्याबद्दल विचारलं, "सुमनबाई, याईचं काय म्हणणं व्हतं? तेच सांगा ना त्याले."

"तो दोर काढा म्हणत होता," मी म्हटलं.

"मंग?"

मी लार्सकडे वळले आणि सांगितलं, दोर राहील. दोर नसेल तर माझ्या भावाच्या नावानं खुर्ची निघणार नाही.

त्याला वाटलं इंग्रजी चुकलं माझं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. नवी खुर्ची बरी वाटली नाही का? मी म्हटलं, उत्तम आहे, जुनीपेक्षा उत्तम आहे. मग? मी म्हटलं, तरी दोर राहील. तो म्हणाला, कंपनी कदाचित सगळंच सोडून देईल, मी फक्त निरोप पोचवणारा आहे. मी म्हटलं, निरोप पोचवा.

आबाकाकांनी सगळं ताडलं. "काऊन नाही म्हणून राह्यली तू? भावाचं नाव होऊन राह्यलं जगात, अन् तूच आडवी पडून राह्यली?"

मी खुर्चीतून उठले आणि परत वहिनीजवळ सतरंजीवर येऊन बसले. काका मला पुन्हा ऊठ म्हणाले नाहीत. दहाव्यालाही मी सगळ्यांबरोबरच न्हाले. लार्स नवी खुर्ची इथंच ठेवून गेला, खोकं तेवढं घेऊन गेला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. कदाचित नाहीच येणार. मग तुझं नाव कुठल्याही खुर्चीखाली असणार नाही, आणि ते माझ्यामुळे असेल. वहिनीला मी हे स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "तुमी दोघंही सारखेच," आणि पोळ्या लाटायला गेली.

दादा, मी असं का केलं हे मला वहिनीला सांगता आलं नाही, तुला सांगते. खुर्चीत बसले त्या क्षणी मला कळलं की तू जिंकलास. मी फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते, तुझं नाव झालं असतं, आणि आपलं भांडण मिटलं असतं. मिटलं असतं, दादा. मग पुढच्या रविवारी मी पिंपळगावला कशासाठी आले असते?

म्हणून मी तुझा शब्द मोडला. उभ्या आयुष्यात तुझ्याशी भांडले, पण तुझा शब्द कधी मोडला नव्हता. आता मोडला आहे, भर अंगणात, काकांसमोर, परक्या माणसासमोर. तू बरोबर होतास हे मला माहीत असताना मोडला. तू असतास तर आज माझी खैर नव्हती.

मग आता गप्प का? बोल ना.